कियांती : हद्द, पत्र आणि गवतात विणलेली बाटली

अर्नोकाठची

फ्लॉरेन्सहून सिएनाला जाणारा वेगवान रस्ता सोडून जुन्या, वळणावळणाच्या वाटेने निघाले, की ग्रेवे हे गाव मागे पडताच ज्या टेकड्या लागतात, त्यांचे नाव कियांती. आपल्याकडे हा शब्द कधी ‘चिआन्ती’ असाही वाचला जातो, पण इटालियन उच्चार ‘कियांती’च आहे. नोकरीच्या निमित्ताने मी सात वर्षे फ्लॉरेन्सला राहिले आणि सुट्टीच्या दिवशी या टेकड्यांतून पायी हिंडणे हा माझा नेम होता. द्राक्षाच्या ओळी, मधूनच ऑलिव्हची करडी झाडे, माथ्यावर ओकचे रान, आणि हातात घेऊन दाबला तर पापुद्रे सुटावेत असा गालेस्त्रो नावाचा ठिसूळ खडक, असा तो मुलूख आहे. तिथल्या तांबड्या वाइनची कीर्ती तीनशे वर्षांत चढली, पार खाली आली आणि पुन्हा चढली. ती खाली का आली याविषयी माझे एक ठाम मत बनले आहे आणि ते जाणकारांपुढे ठेवावे म्हणून हा धागा काढत आहे.

तिसरा कोझिमो दे मेदिची हा तोस्कानाचा, म्हणजे ज्याला इंग्रजीत टस्कनी म्हणतात त्या राज्याचा, ग्रँड ड्यूक होता. २४ सप्टेंबर १७१६ रोजी त्याने फर्मान काढून कियांती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वाल्दार्नो दि सोप्रा या चार प्रदेशांच्या हद्दी ठरवून दिल्या. कारण व्यापारी होते. वाइन जहाजाने दूरदेशी जात असे, आणि भलत्याच गावचा माल या नावावर खपवला गेला तर बदनामी मात्र मूळ गावाच्या पदरी येई. आज आपण ज्याला भौगोलिक मानांकन म्हणतो, त्याच्या जगातील अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत हे फर्मान मोडते. त्यात कियांतीची हद्द ग्रेवे आणि पान्झानो यांवरून पुढे राद्दा, गायोले आणि कास्तेल्लीना या तीन गावांचा सारा टापू धरून थेट सिएना राज्याच्या सीमेपर्यंत सांगितली आहे. ही तीन गावे लक्षात ठेवावीत, कारण पुढची सारी कथा त्यांच्याभोवतीच फिरते.

फर्मानाने जमीन ठरली, पण वाइन कशी असावी हे ठरले नव्हते. ते काम गायोलेजवळच्या ब्रोलियो किल्ल्यात झाले. हा किल्ला बाराव्या शतकापासून रिकासोली घराण्याकडे आहे. बेत्तीनो रिकासोली (१८०९–१८८०) हा पहिला पंतप्रधान काव्हूर याच्या मृत्यूनंतर १८६१ साली एकसंध इटलीचा दुसरा पंतप्रधान झाला, आणि त्याच्या करारी स्वभावामुळे लोक त्याला ‘पोलादी बॅरन’ म्हणत. राजकारणाइतकाच त्याचा जीव मळ्यात होता. त्याने फ्रान्समधील मळे स्वतः जाऊन पाहिले, आपल्या जमिनीत निरनिराळ्या जाती लावून अनेक वर्षे प्रयोग केले, आणि १८७२ साली पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना एक पत्र लिहून आपला निष्कर्ष कळवला.

या पत्राला पुढे ‘कियांतीचे सूत्र’ असे नाव पडले. त्याचा आशय असा आहे : वाइनला सुगंधाचा मुख्य भाग आणि जोम मिळतो तो सांजोवेझे या द्राक्षापासून (रिकासोली त्याला सांजोवेतो म्हणतो), त्याचा कडकपणा सुगंधाला धक्का न लावता सौम्य करते ते कानायोलो, आणि माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष या दोहोंचा रस जरा पातळ करून वाइन हलकी आणि रोजच्या जेवणात लवकर पिण्याजोगी बनवते. पण याच वाक्यात तो हेही सांगतो, की जी वाइन मुरवत ठेवायची आहे तिच्यात माल्वाझिया नसली तरी चालेल.

म्हणजे त्याच्या मनात दोन वाइन होत्या : एक वर्षाच्या आत संपवायची, आणि दुसरी तळघरात वर्षानुवर्षे ठेवायची. १९६७ साली कियांतीला जेव्हा ‘डीओसी’ हा सरकारी दर्जा मिळाला, तेव्हा नियमकर्त्यांनी या पत्रातली फक्त पहिली वाइन उचलली. कियांती म्हणवून घ्यायचे असेल तर त्यात १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे असलीच पाहिजेत, असे त्यांनी लिहून ठेवले. त्यातही माल्वाझियाच्या जोडीला त्रेब्ब्यानो ही दुसरी पांढरी जात आली, जिचा रिकासोलीच्या सूत्रात उल्लेखही नाही, पण जी भरमसाट पिकते. ज्याने पूर्ण सांजोवेझेची, मुरण्याजोगी वाइन बनवली, तो कायद्याच्या दृष्टीने कियांती बनवतच नव्हता.

माझे म्हणणे हे आहे, की कियांतीची पत घसरली ती मातीमुळे नव्हे आणि शेतकऱ्याच्या आळसामुळेही नव्हे. एक नाव त्याच्या हद्दीपेक्षा मोठे करण्यात आले, आणि एक पत्र अर्धेच वाचले गेले, या दोन गोष्टींमुळे ती घसरली. यावर आपणा सर्वांचे मत वाचायला आवडेल.

जुनी पाने

ताई, आपण पत्राचा भाग फार नेमका मांडला आहे. नाव हद्दीपेक्षा मोठे झाल्याचा मुद्दा मात्र आपण सांगून सोडून दिलात, म्हणून तो पुरा करतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कियांतीला इतकी मागणी आली, की आसपासच्या प्रदेशांतली तांबडी वाइनही त्याच नावाने विकली जाऊ लागली. कोझिमोचे फर्मान तोवर नावापुरते उरले होते. म्हणून १४ मे १९२४ रोजी राद्दा येथे ३३ उत्पादक जमले आणि त्यांनी खऱ्या कियांतीच्या रक्षणासाठी एक संघ स्थापन केला. त्यांनी बोधचिन्ह म्हणून काळा कोंबडा निवडला, जो मध्ययुगात या गावांच्या ‘कियांती संघा’चे, म्हणजे फ्लॉरेन्सच्या आधिपत्याखालच्या लष्करी आणि मुलकी व्यवस्थेचे चिन्ह होता. फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो वेक्कियो या जुन्या राजवाड्यातील पाचशेंच्या दालनाच्या छतावर चित्रकार वाझारीने कियांतीचे जे रूपकचित्र काढले आहे, त्यातही हा कोंबडा आहे.

कोंबड्याची आख्यायिका बहुतेकांना ठाऊक असेल. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यातला सीमातंटा मिटवण्यासाठी असे ठरले, की दोन्ही शहरांतून एकेका स्वाराने कोंबडा आरवताच निघावे आणि दोघे जिथे भेटतील तिथे सीमा मानावी. सिएनाकरांनी आपल्या पांढऱ्या कोंबड्याला पोटभर चारले. फ्लॉरेन्सकरांनी काळ्या कोंबड्याला उपाशी ठेवले, म्हणून तो पहाटेच्या कितीतरी आधी आरवला आणि त्यांच्या स्वाराने जवळजवळ सारा कियांती पार करून सिएनाच्या वेशीजवळच्या फोंतेरूतोलीपर्यंत मजल मारली. ही लोककथाच आहे, पण हा प्रदेश दोन शहरांच्या ओढाताणीत किती काळ भरडला गेला याची आठवण तीत टिकून आहे.

१९२४ च्या त्या ३३ जणांचा हेतू आठ वर्षांतच पराभूत झाला. १९३२ साली सरकारने नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून कियांतीचे सात विभाग पाडण्यात आले : क्लासिको, रूफिना, मोंताल्बानो, कोल्ली सेनेझी, कोल्ली फियोरेन्तिनी, कोल्ली आरेतिनी आणि कोल्लीने पिझाने. मूळ टापू आणि त्याला लागून वाढवलेला काही भाग यांना ‘क्लासिको’ हे विशेषण मिळाले, आणि कियांती हे नाव मात्र पिसाच्या टेकड्यांपासून आरेत्सोच्या टेकड्यांपर्यंत सर्वांचे झाले. ज्यांच्या गावाचे ते नाव, त्यांनाच आपल्या नावापुढे एक शब्द जोडून आपली ओळख पटवून देण्याची वेळ आली. माझ्या मते १९६७ च्या नियमापेक्षाही हा घाव खोल होता, कारण नियम पुढे बदलले, पण हे नाव काही परत मिळाले नाही.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. सगळेच बाहेरचे विभाग कमअस्सल नाहीत. फ्लॉरेन्सच्या ईशान्येला, आपेन्नीनो पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या रूफिनाची वाइन थंड हवेमुळे दीर्घकाळ टिकते आणि गुणात ती कोणत्याही क्लासिकोपुढे उभी राहू शकते.

मीठमोहरी

माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. तांबड्या वाइनमध्ये पांढरी द्राक्षे घालण्याची कल्पना मुळात सुचली कशी? आणि गवतात विणलेली ती गोल बाटली याच वाइनला का चिकटली, हेही कोणी सांगावे.

किण्व

मीठमोहरी, पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्राक्षाच्या सालीत आहे. सांजोवेझेचा आंबटपणा तीव्र असतो आणि तिची साल तुरट असते. ती उशिरा पिकते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये थंडी किंवा पाऊस लवकर आला तर घड अर्धकच्चे तोडावे लागतात आणि वाइन आणखी कडक होते. अशी वाइन पहिल्याच वसंतात पिणे अवघड असते. पांढऱ्या द्राक्षांच्या रसाने ही तुरटी पातळ होते. ज्या घराला येत्या वर्षभर जेवणाबरोबर प्यायचे आहे, त्याच्यासाठी ही सोय उत्तम होती.

अडचण अशी, की सांजोवेझेचा रंग मुळातच फिका असतो. त्यात ३० टक्के त्रेब्ब्यानो मिसळली, तर सुगंध आणि रंग दोन्ही विरळ होतात, आणि अशी वाइन लवकर तपकिरी पडते. मग हे विरळपण झाकण्यासाठी दक्षिण इटलीतली दाट, गडद वाइन तीत मिसळली जाई. १९६७ च्या नियमांनी बाहेरच्या प्रदेशाच्या अशा मिश्रणालाही १५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली होती. म्हणजे आधी नियमाने वाइन पातळ करायची आणि मग नियमानेच ती परक्या मालाने दाट करायची, अशी ती व्यवस्था होती. रसायनाच्या दृष्टीने पाहिले तर राद्दाच्या मातीचे त्या बाटलीत फार थोडे उरत असणार.

तोस्कानात तुरटी कमी करण्याची याहून देखणी एक रीत होती, तिला ‘गोवेर्नो’ म्हणतात. तोडणीच्या वेळी काही घड बाजूला काढून चटयांवर किंवा दांड्यांवर टांगून सुकवायचे, आणि वाइन आंबून झाल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात त्या सुकलेल्या द्राक्षांचा गोड रस तिच्यात घालायचा. मंदावलेले किण्वन पुन्हा सुरू होते, वाइन मऊ आणि भरीव होते आणि तिला किंचित फसफस येते. ही वाइनही ताजी पिण्यासाठीच असे, पण तीत सारे मळ्याचेच होते. आज काही मोजके उत्पादक ही रीत जपतात, याचे मला मनापासून समाधान वाटते.

बाटलीविषयी : ‘फियास्को’ म्हणजे फुंकून बनवलेली गोल बुडाची काचेची बाटली. ती स्वतः उभी राहू शकत नाही आणि गाडीत आदळून फुटते, म्हणून तिच्याभोवती पाणथळीतले वाळवलेले गवत विणून बूड तयार करत. काच एम्पोलीच्या परिसरात होई आणि विणकाम खेड्यापाड्यांतल्या बायका करत. हे काम हातांचे असल्यामुळे मजुरी वाढल्यावर ते परवडेनासे झाले, काही ठिकाणी गवताची जागा प्लास्टिकने घेतली, आणि चांगल्या उत्पादकांनी सरळ खांद्याची बोर्दो पद्धतीची बाटली स्वीकारली.

थेम्सतीर

मी १९७४ साली डॉक्टर म्हणून इंग्लंडला आलो. त्या काळी इथल्या प्रत्येक लहान इटालियन खाणावळीत टेबलावर रिकाम्या फियास्कोच्या तोंडात मेणबत्ती खोचलेली असे आणि तिचे मेण गवतावर ओघळून थर साचलेले असत. आयुष्यात मी प्यालेली पहिली वाइन हीच. ती पातळ आणि आंबट होती, हे खरे आहे. पण तिच्याबरोबर पहिल्यांदा टोमॅटोच्या रश्शातला पास्ता खाल्ला आणि दोन्ही आंबटपणा एकमेकांना इतके सांभाळून घेत होते, की ती चव माझ्या जिभेवरून गेलेली नाही.

म्हणून धागाकर्तीच्या विवेचनातील एका गोष्टीला मी नम्रपणे हरकत घेतो. कियांती ‘खाली आली’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपण ती केवळ संग्राहकाच्या तळघरातून पाहत असतो. परदेशात गेलेल्या लाखो इटालियन स्थलांतरितांच्या घरी, आणि माझ्यासारख्या ज्याच्या खिशात फार पैसे नव्हते अशा माणसाच्या ताटाशेजारी, हीच स्वस्त वाइन पोचली होती. रोजच्या जेवणाची वाइन असणे हे कमीपणाचे नाही. रिकासोलीनेही ती तितक्याच गंभीरपणे लिहिली आहे.

याउलट १९८६ साली इटलीत मिथेनॉल मिसळलेल्या वाइनमुळे वीसहून अधिक माणसे मेली, तेव्हा इथल्या दुकानांत इटलीच्या सगळ्याच बाटल्यांकडे लोक संशयाने पाहू लागले. त्या प्रकरणाचा कियांतीशी संबंध नव्हता, ते उत्तरेकडच्या पिएमोन्तेत घडले, पण स्वस्ताईची शर्यत कुठवर जाऊ शकते हे तेव्हा सर्वांना दिसले, हे मी मान्य करतो.

द्राक्षबागाईत

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष उत्पादक आहे, म्हणून शेताच्या बांधावरून दोन गोष्टी लिहितो.

इथे सर्वांनी हद्द आणि नियम यांविषयी लिहिले, पण जमीन कोण कसत होते याचा उल्लेख आला नाही. तोस्कानात शेकडो वर्षे ‘मेद्झाद्रिया’ म्हणजे आपल्या भाषेत अर्धेली चालत असे : जमीन आणि घर मालकाचे, राबणूक कुळाच्या सबंध कुटुंबाची आणि पिकाचे दोन वाटे. अशा कुटुंबाला धान्य, तेल आणि वाइन हे तिन्ही त्याच तुकड्यातून काढायचे असते, म्हणून ते गव्हाच्या शेतातच झाडांवर वेली चढवत आणि मधूनमधून ऑलिव्ह लावत. निव्वळ द्राक्षाची बाग ही चीज तिथे अपवादानेच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळे शहरातल्या कारखान्यांकडे निघून गेली, घरे ओस पडली, आणि १९६४ साली कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी केली. त्यानंतर युरोपीय समुदायाच्या अनुदानावर ज्या नव्या सलग बागा उभ्या राहिल्या, त्या घाईने लावल्या गेल्या. कितीतरी ठिकाणी भरपूर पिकणाऱ्या, पण चवीला पाणचट अशा जातींच्या काड्या, म्हणजे लागवडीसाठी छाटलेले वेलीचे तुकडे, आणून लावल्या. बागेचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे असते. एकदा चुकीची काडी लागली, की नियम दुसऱ्या दिवशी सुधारला तरी एक पिढी वाया जाते. म्हणून माझ्या मते १९६७ च्या कायद्याइतकाच त्या लागवडीचाही दोष आहे.

दुसरी गोष्ट आपल्या राज्याची. सांजोवेझे सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात लावली गेली आहे. फ्रातेल्ली या कंपनीने ती लावली. नावाचा अर्थच ‘भाऊ’ असा आहे, कारण इटलीतले, दिल्लीतले आणि अकलूजचे असे भाऊ मिळून ती उभी राहिली. तिचे वाइननिर्माते प्येरो मासी हे तोस्कानाचे, आणि त्यांची ‘सेत्ते’ ही वाइन सांजोवेझे आणि कॅबरने सोव्हिन्यों हे फ्रेंच द्राक्ष यांच्या मिश्रणाची आहे. वेल तीच असली तरी हिशेब उलटा आहे. तोस्कानात वेल हिवाळ्यात झोपते, वर्षाला एकदा छाटली जाते आणि शरदात तोडणी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये वेलीच्या वाढीसाठी खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळासाठी गोडी छाटणी अशा दोन कराव्या लागतात, आणि वाइनची द्राक्षे उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. तिथल्या शेतकऱ्याला आंबटपणा उतरण्याची वाट पाहावी लागते, आम्हाला तो टिकवण्यासाठी धडपडावे लागते.

अर्नोकाठची

द्राक्षबागाईत दादा, आपण माझी चूक दाखवून दिलीत. मी नियम पाहिले, पण काडी पाहिली नाही. ओसाड पडलेली ती दगडी घरे मी अनेकदा पाहिली आहेत. त्यांतली पुष्कळशी आता पर्यटकांची निवासस्थाने झाली आहेत, आणि भिंतीला लागून उरलेला बैलांचा गोठा अजून ओळखू येतो.

थेम्सतीर काका, आपली हरकतही मला मान्य आहे आणि तिने माझा मुद्दा उलट पक्का होतो. रोजची वाइन बनवू नये असे कोणीच म्हणत नाही. कायद्याने दुसरी वाइन बनवायला मज्जाव केला, हे दुखणे आहे.

या दुखण्यावर उपाय सापडला तो नाव सोडणाऱ्यांकडून. समुद्राकाठच्या बोल्गेरीत मारियो इन्चीझा देल्ला रोक्केत्ता यांनी कॅबरनेची सास्सिकाया बनवली, जिचे १९६८ चे पीक पहिल्यांदा बाजारात आले. पण ती कियांतीच्या बाहेरची गोष्ट होती. कियांतीच्या आत ठिणगी पडली ती तिन्यानेल्लो या मळ्यामुळे. आंतिनोरी घराणे चौदाव्या शतकापासून या धंद्यात आहे. प्येरो आंतिनोरी आणि त्यांचे वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांनी १९७१ च्या पिकापासून या मळ्याची वाइन लहान ओक पिंपांत मुरवली, तिच्यावरून कियांतीचे नाव उतरवले, आणि पुढे तीतून पांढरी द्राक्षे पूर्णपणे काढून टाकून कॅबरनेची जोड दिली. अशा बाटल्यांवर कायद्याने लिहावे लागे ‘विनो दा ताव्होला’, म्हणजे साधी टेबल वाइन, हा सर्वांत खालचा दर्जा. किंमत मात्र सर्वांत वरची असे. इंग्रजी पत्रकारितेने या वाइनना ‘सुपर टस्कन’ हे नाव दिले.

मला स्वतःला यांपैकी सर्वांत जवळची वाटते ती राद्दाची मोंतेवेर्तीने. सेर्जियो मानेत्ती हे पोलादाच्या धंद्यातले गृहस्थ. त्यांनी १९६७ साली ही मालमत्ता घेतली, आणि जुलियो गाम्बेल्ली या विलक्षण जिभेच्या जाणकाराच्या सल्ल्याने १९७७ च्या पिकापासून ‘ले पेर्गोले तोर्ते’ ही वाइन बनवली. तीत कॅबरने नाही, मेर्लो नाही, पांढरे द्राक्ष नाही, केवळ सांजोवेझे. पाहा, हे किती विचित्र आहे : १७१६ च्या हद्दीच्या अगदी मध्यात, त्या मातीच्या स्वतःच्या द्राक्षापासून, रिकासोलीने मुरवण्याच्या वाइनसाठी सांगितलेल्या मार्गाने बनलेली ही वाइन, आणि तिला कियांती म्हणण्याची परवानगी नव्हती. काळ्या कोंबड्याच्या उत्पादक संघाशी न पटल्याने १९८१ साली मानेत्ती त्यातून बाहेर पडले.

फ्रेंच द्राक्षे घातलेल्या बाटल्यांनी जगाचे लक्ष वेधले, पण माझ्या लेखी कियांतीचा खरा युक्तिवाद या एका मळ्याने केला. सांजोवेझेत काही कमी नाही, ती तिच्या जागी, कमी पिकाने आणि संयमाने वाढवावी लागते, एवढेच त्यांनी सिद्ध केले.

जुनी पाने

कायद्याची पुढची वाटचाल थोडक्यात नोंदवतो. १९८४ साली कियांतीला ‘डीओसीजी’ हा वरचा दर्जा मिळाला आणि क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांची सक्ती २ टक्क्यांवर आली. १९९६ साली क्लासिको स्वतंत्र डीओसीजी झाली आणि पूर्ण सांजोवेझेची वाइन त्या नावाने विकणे कायदेशीर ठरले. २००६ च्या पिकापासून क्लासिकोत पांढरी द्राक्षे पूर्णपणे वर्ज्य झाली. रिकासोलीच्या पत्रातली ती दुसरी वाइन कायद्यात यायला १८७२ पासून १९९६ पर्यंत, म्हणजे १२४ वर्षे लागली. या मधल्या काळात संघाने विद्यापीठांच्या मदतीने सांजोवेझेच्या उत्तम काड्यांची निवड आणि चाचणी करणारा मोठा प्रकल्प राबवला; द्राक्षबागाईत यांनी सांगितलेली चूक दुरुस्त झाली ती त्यामुळे.

मीठमोहरी

इतके वाचल्यावर आता दुकानात बाटली हातात घेतली, तर तिच्यावर काय पाहावे? आणि हे सारे ‘रिझेर्व्हा’, ‘सेलेत्सियोने’ म्हणजे नेमके काय असते?

अर्नोकाठची

मीठमोहरी, बाटलीच्या गळ्याशी काळा कोंबडा असेल, तर ती कियांती क्लासिको. तीत निदान ८० टक्के सांजोवेझे असते आणि उरलेली इतर तांबडी द्राक्षे. कोंबडा नसेल आणि नुसते कियांती लिहिले असेल, तर ती सभोवतालच्या मोठ्या टापूतली; तीत सांजोवेझे ७० टक्क्यांपासून चालते आणि थोडी पांढरी द्राक्षे आजही चालतात. रूफिना हा शब्द दिसला, तर जुनी पाने यांचे म्हणणे आठवून ती अवश्य घ्यावी. क्लासिकोत साधी वाइन वर्षभर, ‘रिझेर्व्हा’ २४ महिने आणि ‘ग्रान सेलेत्सियोने’ ३० महिने मुरवलेली असते. हा शेवटचा वर्ग २०१४ पासून आला, आणि त्यासाठी द्राक्षे उत्पादकाच्या स्वतःच्या मळ्यातलीच लागतात.

ग्रान सेलेत्सियोनेवर सुरुवातीला बरीच टीका झाली, कारण माती बदलली नाही आणि फक्त काळ वाढवून नवा दर्जा निर्माण केला, असे अनेकांना वाटले. मलाही तसे वाटत होते. पण २०२१ साली दोन निर्णय झाले, ज्यांनी माझे मत बदलले. या वर्गात सांजोवेझे ९० टक्के आणि उरलेली केवळ स्थानिक तांबडी द्राक्षे असावीत, असे ठरले. म्हणजे कॅबरने आणि मेर्लो बाहेर. आणि क्लासिकोचे ११ गावनिहाय विभाग मान्य करून त्यांची नावे ग्रान सेलेत्सियोनेच्या बाटलीवर छापण्याची मुभा मिळाली. त्या अकरांत पान्झानो आहे, ग्रेवे आहे, आणि राद्दा, गायोले, कास्तेल्लीना ही कोझिमोच्या फर्मानातली तिन्ही गावेही आहेत.

थेम्सतीर काकांसाठी एक खास सूचना : साध्या, वर्षभराच्या क्लासिकोला कमी लेखू नये. राद्दा किंवा लामोलेच्या उंच मळ्यातली अशी बाटली जरा गार करून टोमॅटोच्या रश्श्याबरोबर प्यालात, तर १९७४ ची ती चव सापडेल, आणि या वेळी तिच्यात चेरीचा सुगंधही असेल.

मोंतेवेर्तीनेची बाटली मात्र कोंबडा पाहून शोधू नका. सेर्जियो मानेत्ती २००० साली गेले; त्यांच्या कुटुंबाने संघात परत यायचे नाही हा निर्णय कायम ठेवला. आज त्यांच्या वाइनला कियांती क्लासिको म्हणायला कायद्याची कोणतीच आडकाठी नाही, पण राद्दाच्या त्या टेकडीवरून निघणाऱ्या बाटलीवर वाइनचे नाव म्हणून कियांती अजूनही छापलेले नसते.